व्हँडरबिल्टचे दहा कोटी डॉलर होते कुठे?

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन रेल्वेसम्राट कॉर्नेलियस व्हँडरबिल्टचं नाव निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आजच्या हिशेबात किती होतात? ४ जानेवारी १८७७ रोजी न्यूयॉर्कमधल्या राहत्या घरी तो वारला, तेव्हा त्याची मालमत्ता साधारण १० कोटी डॉलरची होती. अमेरिकेत तोवर एका माणसाकडे एवढं कधीच जमलं नव्हतं. महागाईचा गुणाकार करून त्याचे आज किती अब्ज होतील हे सांगता येतं, पण त्यातून हाती काही लागत नाही. त्यापेक्षा दुसरा एक अंदाज बोलका आहे. ही सगळी मालमत्ता त्या दिवशी बाजारभावाने विकून रोख केली असती, तर देशातलं चलन आणि बँकांतल्या मागणी ठेवी मिळून दर २० डॉलरांतला जवळपास १ डॉलर त्याच्याकडे गेला असता.

यातला ‘विकून रोख केली असती तर’ हा तुकडा जपून वाचायला हवा, कारण ती विकता येण्यासारखी नव्हतीच. राहतं घर, घोडे, थोडी जमीन हे सगळं एकूण रकमेच्या मानाने किरकोळ. बहुतेक सगळी संपत्ती रेल्वेच्या शेअरमध्ये होती, आणि त्यातही मोठा वाटा एकाच कंपनीचा. एवढे शेअर एकदम बाजारात आले असते तर भावच कोसळला असता. त्या शेअरचं मोल ते एका हातात असण्यात होतं. व्हँडरबिल्ट घराण्याची पुढची शंभर वर्षं समजून घ्यायची तर ही गोष्ट आधी पक्की धरायला हवी.

आधी पन्नास वर्षं पाण्यावर

रेल्वेसम्राट म्हणून आपण त्याला ओळखतो, पण आयुष्याचा बराच मोठा काळ हा माणूस बोटींच्या धंद्यात होता. लोक त्याला ‘कमोडोर’, म्हणजे बोटींच्या ताफ्याचा प्रमुख, म्हणत ते त्यामुळेच. जन्म १७९४ चा, न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी असलेल्या स्टॅटन आयलंडवरचा, डच वंशाच्या साध्या शेतकरी घरातला. शाळा ११ व्या वर्षी सुटली. १८१० मध्ये आईकडून १०० डॉलर उसने घेऊन त्याने एक शिडाची होडी घेतली आणि स्टॅटन आयलंड ते मॅनहॅटन अशी माणसं आणि माल न्यायला सुरुवात केली.

१८१७ मध्ये थॉमस गिबन्स नावाच्या न्यू जर्सीतल्या मालकाने त्याला आपल्या वाफेच्या बोटीवर कप्तान म्हणून घेतलं. त्या काळी न्यूयॉर्क राज्याच्या पाण्यात वाफेची बोट चालवायचा हक्क सरकारने लिव्हिंग्स्टन आणि फुल्टन या दोघांना मक्त्याने देऊन टाकला होता. इतरांनी तिथे बोट आणली की जप्ती. व्हँडरबिल्ट त्या मक्त्याला न जुमानता बोट न्यूयॉर्कच्या धक्क्याला लावायचा आणि पकडायला आलेल्या अधिकाऱ्यांना हुलकावणी द्यायचा. १८२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्याराज्यांमधल्या व्यापाराचे नियम करणं हा संघराज्याचा अधिकार आहे, एका राज्याने त्यात मक्ता देऊन आडकाठी करायची नाही. अमेरिकेची एकसंध बाजारपेठ ज्या निकालांवर उभी आहे त्यातला हा एक. पुढे स्वतः मक्तेदार म्हणून शिव्या खाणारा माणूस मक्तेदारी मोडूनच वर आला, हे विसरू नये.

या वर्षांत घर चालवलं ते बायकोने. सोफिया न्यू ब्रन्सविकमध्ये प्रवाशांसाठी खाणावळ-मुक्काम चालवत होती आणि त्यातून पोरांचं भागत होतं. कमोडोरच्या कर्तबगारीच्या गोष्टींत तिला चार ओळीही मिळत नाहीत. तिच्या कमाईमुळेच त्याला स्वतःची कमाई बाजूला टाकता आली.

१८२९ पासून त्याने स्वतःच्या नावावर धंदा सुरू केला आणि एक ठरावीक पद्धत बसवली. जिथे कुणाचा तरी मार्ग जोरात चालतोय तिथे बोट घालायची, भाडं पाडायचं, आणखी पाडायचं. १८३४ मध्ये हडसन नदीवर न्यूयॉर्क ते राज्याची राजधानी ऑल्बनी या मार्गावर हे इतक्या थराला गेलं की प्रवास जवळपास फुकट झाला. शेवटी जुन्या बोटवाल्यांच्या गटाने त्याला १ लाख डॉलर रोख आणि वर दरसाल ५ हजार देऊन नदी सोडायला लावली. भाडी अर्थातच पुन्हा चढली. स्पर्धेमुळे लोकांचा फायदा झाला हे खरं, आणि तो फायदा विकून व्हँडरबिल्टने आपली तिजोरी भरली हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी त्याच्या आयुष्यात शेवटपर्यंत बरोबरीने चालल्या.

कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर पूर्व किनाऱ्यावरून तिकडे जाणाऱ्यांची झुंबड उडाली. बहुतेक लोक पनामामार्गे जात. त्याने निकाराग्वामधून नदी, सरोवर आणि थोडा खुष्कीचा रस्ता असा जवळचा मार्ग उघडला आणि भरपूर कमावलं.

हार्लेम

रेल्वेचे शेअर त्याने आधीही घेतले होते. पण बोटी विकून पूर्णपणे रुळांवर आला तो १८६३ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या ६९ व्या वर्षी. सुरुवात केली ती न्यूयॉर्क अँड हार्लेम नावाच्या रडतखडत चाललेल्या रेल्वेपासून. तिचा शेअर काही वर्षांपूर्वी १० डॉलरच्याही खाली मिळत होता. लोकांना त्यात दम दिसत नव्हता. व्हँडरबिल्टने वेगळं काही पाहिलं: ही रेल्वे फोर्थ अव्हेन्यूवरून थेट मॅनहॅटनच्या मधोमध जात होती. तशी जागा पुन्हा कुणाला मिळणार नव्हती.

इथे जे घडलं ते कळायला शेअर बाजारातल्या दोन गोष्टी माहीत हव्यात. समजा मार्चअखेरीस हापूसची पेटी महाग आहे आणि मेमध्ये भाव उतरणार याची तुम्हाला खात्री आहे. तुम्ही एका व्यापाऱ्याकडून १० पेट्या उसन्या घेता, आजच्या चढ्या भावाने विकून टाकता, आणि मेमध्ये स्वस्तात १० पेट्या घेऊन त्याच्या त्याला परत करता. मधला फरक तुमचा. हे झालं शॉर्ट सेलिंग. आता मे उजाडायच्या आत एकाच माणसाने बाजारातल्या झाडून सगळ्या पेट्या घेऊन ठेवल्या तर? उसने घेतलेले तर परत करायचेच आहेत, आणि आंबा आहे फक्त त्याच्याकडे. मग तो सांगेल तो भाव. हा झाला कॉर्नर.

१८६३ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या नगरसेवकांनी हार्लेम कंपनीला ब्रॉडवेवर घोड्याच्या ट्राम चालवायची परवानगी दिली. शेअर चढला. मग त्याच नगरसेवकांनी गुपचूप शेअर शॉर्ट केले आणि जूनमध्ये परवानगी काढून घेतली. भाव गडगडेल आणि आपण श्रीमंत होऊ, असा साधा बेत. पण बाजारात येणारा प्रत्येक शेअर व्हँडरबिल्ट आणि त्याचे सोबती उचलत होते. भाव पडण्याऐवजी वर गेला आणि नगरसेवकांना चढ्या दराने खरेदी करून सुटका करून घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी ऑल्बनीच्या विधिमंडळातल्या सदस्यांनी तोच डाव पुन्हा टाकला, तोही आधीच्यांचं काय झालं हे डोळ्यांसमोर असताना. या वेळी भाव २८५ डॉलरवर जाऊन थांबला.

काळ यादवी युद्धाचा होता. सरकारने छापलेल्या कागदी नोटांनी बाजार भरला होता आणि सट्ट्याला ऊत आला होता. त्याच युद्धामुळे अमेरिकन कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, मुंबईत कापसाचा पैसा ओतला गेला आणि बॅक बे रेक्लमेशनचे शेअर आभाळाला भिडून १८६५ मध्ये आपटले. एकाच आगीची झळ दोन्ही शहरांना लागली होती.

पुलाच्या अलीकडे

हार्लेमनंतर त्याने हडसन नदीच्या काठाने ऑल्बनीपर्यंत जाणारी हडसन रिव्हर रेल्वे घेतली. ऑल्बनीपासून पश्चिमेला बफेलोपर्यंतची रेल्वे मात्र दुसऱ्या कंपनीची, न्यूयॉर्क सेंट्रलची. ती कंपनी उन्हाळ्यात आपला माल ऑल्बनीहून बोटींनी न्यूयॉर्कला धाडायची, आणि हिवाळ्यात नदी गोठली की व्हँडरबिल्टच्या दारात यायची. त्याला हे खटकत होतं. वर्षभर आपण गाड्या, माणसं, रूळ तयार ठेवायचे आणि धंदा द्यायचा तो अडीनडीपुरता.

जानेवारी १८६७ मध्ये, ऐन थंडीत, त्याने सेंट्रलकडून येणारे प्रवासी आणि माल पुढे न्यायचं बंद केलं. त्याच्या गाड्या ऑल्बनीच्या पुलाच्या पूर्वेलाच थांबू लागल्या. प्रवाशांना बोचऱ्या वाऱ्यात सामानासकट पूल पायी ओलांडावा लागला. देशातल्या सगळ्यात मोठ्या शहराची पश्चिमेकडची वाट त्याने एकट्याच्या मर्जीने आवळली. सेंट्रलच्या संचालकांनी थोड्याच दिवसांत हात टेकले, शेअर घसरले, व्हँडरबिल्टने ते घेतले आणि वर्ष संपेपर्यंत तो त्या कंपनीचा अध्यक्ष झाला.

लोकांना रागावायचं कारण होतं आणि तो राग मला रास्त वाटतो. रेल्वे खासगी मालकीची असली तरी ती सरकारी सनदेवर उभी होती आणि तिच्याशिवाय लोकांचं चालणार नव्हतं. असा मार्ग मालकाच्या मर्जीवर बंद पडू द्यायचा का, या प्रश्नावर अमेरिकेत पुढची वीस वर्षं खल झाला आणि १८८७ मध्ये रेल्वेवर देखरेख ठेवणारा आंतरराज्य वाणिज्य आयोग आला. १८६७ चा तो पूल अशा तक्रारींच्या यादीत खूप वर असेल.

तो हरलाही, एकदा मोठ्या हिशेबाने. १८६८ मध्ये त्याने ईरी रेल्वे ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला. समोर डॅनियल ड्रू, जे गूल्ड आणि जिम फिस्क. ईरीच्या आतल्या या मंडळींनी परिवर्तनीय कर्जरोखे काढले, म्हणजे मागाहून शेअरमध्ये बदलता येणारे रोखे, आणि ते बदलून नवनवे शेअर बाजारात सोडत राहिले. व्हँडरबिल्ट घेतोय आणि ते छापतायत. कॉर्नर तेव्हाच जमतो जेव्हा माल मोजका असतो. इथे मालाला अंतच नव्हता. त्याने आपल्या बाजूच्या न्यायाधीशाकडून मनाई हुकूम मिळवले, तर हे तिघे रोकड घेऊन नदीपलीकडे जर्सी सिटीत जाऊन बसले. गूल्डने ऑल्बनीत आमदारांना पैसे चारून छापलेले शेअर कायदेशीर करून घेतले. शेवटी तडजोडीत त्याला काही रक्कम परत मिळाली, पण ईरी हातची गेली ती गेलीच. न्यायालय आणि विधिमंडळ दोन्ही विकत मिळतात, हे या लढाईने उघड्यावर आणलं, आणि त्यात व्हँडरबिल्टही धुतल्या तांदळासारखा नव्हता.

कंपनीची किंमत ठरवायची कशी?

या सगळ्यात सर्वांत खोल मुद्दा हा आहे, आणि तो आजच्या गुंतवणूकदारालाही लागू पडतो.

१८६८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क सेंट्रलने आपल्या भागधारकांना ८० टक्के जादा भागभांडवल वाटलं. १०० शेअर असतील तर त्यावर आणखी ८० चा हक्क. नवे पैसे कंपनीत एकही डॉलर आले नाहीत. पुढच्या वर्षी सेंट्रल आणि हडसन रिव्हर या दोन्ही कंपन्या एक झाल्या, तेव्हा भांडवल पुन्हा वाढवलं गेलं.

टीकाकार खवळले. त्या काळची समजूत अशी की १०० डॉलरचा शेअर म्हणजे कुणीतरी प्रत्यक्ष १०० डॉलर घालून घेतलेले रूळ, पूल, इंजिनं. त्यामागे काहीच नसताना कागद वाढवणं ही त्यांच्या दृष्टीने सरळ फसवणूक होती. व्हँडरबिल्टच्या बाजूचं म्हणणं वेगळं: कंपनीत किती ओतलं याला अर्थ नाही, ती दरसाल किती कमावते यावर तिची किंमत ठरते. दोन कंपन्या जोडल्यामुळे, खर्च कमी झाल्यामुळे आणि गाड्या वेळेवर धावायला लागल्यामुळे कमाई वाढली, तर वाढलेली किंमत कागदावर दाखवण्यात गैर काय?

आजचा सगळा शेअर बाजार व्हँडरबिल्टच्या बाजूने उभा आहे. दर्शनी किंमत १० रुपये असलेला शेअर हजारांत विकला जातो तेव्हा आपण कमाईचीच किंमत मोजत असतो. त्या वादात तो काळाच्या पुढे होता, हे मान्य करायला हवं. पण टीकाकारांचाही एक मुद्दा उरतोच. वाढलेल्या भांडवलावर कंपनीने ८ टक्के लाभांश देत राहायचं ठरवलं, आणि तो लाभांश द्यायचा कुणी? गहू पाठवणाऱ्या शेतकऱ्याने, मालाचं भाडं भरणाऱ्या व्यापाऱ्याने. १८७३ ची मंदी आली तेव्हा अनेक रेल्वे बुडाल्या. ही तगली, लाभांशही चालू राहिला. त्याच सुमारास लेक शोअर रेल्वेही त्याच्या हाताखाली आली आणि न्यूयॉर्क ते शिकागो हा सलग मार्ग जुळला.

वाटणी

मृत्युपत्रात त्याने जवळपास ९५ टक्के मालमत्ता थोरल्या मुलाला, विल्यम हेन्रीला दिली. आठ मुलींना त्या मानाने चिरीमिरी. धाकट्या कॉर्नेलियस जेरेमायाला तर मुद्दलही नाही, २ लाखांच्या न्यासावरचं फक्त व्याज. मुलींना आणि धाकट्याला हा अन्याय वाटला आणि न्यायालयात दोन वर्षं चिखलफेक झाली. मुलींना वगळण्यात त्या काळचा आणि त्याचा स्वतःचा तुसडेपणा होताच. पण त्यामागे धंद्याचा थंड हिशेबही होता: शेअर वाटले की कंपनीवरचा ताबा गेला.

बापाच्या नजरेत मंद असलेल्या विल्यमने आठ वर्षांत मालमत्ता दुप्पट, जवळपास २० कोटींवर नेली. त्यानेच मात्र बापाचा नियम मोडायला सुरुवात केली. १८७९ मध्ये न्यूयॉर्कचं विधिमंडळ रेल्वेच्या कारभाराची चौकशी करत होतं, एका माणसाच्या हातात एवढी कंपनी असणं राजकीयदृष्ट्या जड जाऊ लागलं होतं. त्याने जे. पी. मॉर्गनमार्फत अडीच लाख शेअर विकले, बरेचसे इंग्लंडमधल्या गुंतवणूकदारांना, आणि पैशाचा मोठा भाग सरकारी रोख्यांत घातला. मॉर्गन न्यूयॉर्क सेंट्रलच्या संचालक मंडळावर आला. रेल्वेचं सूत्र मालकाकडून बँकरकडे सरकायला लागलं ते इथून.

१८८५ मध्ये विल्यम गेला तेव्हा आठ मुलांना प्रत्येकी सुमारे १ कोटी आणि उरलेल्यातला मोठा वाटा थोरल्या दोघांना. तिसऱ्या पिढीने घरं बांधली. न्यूपोर्टला ७० खोल्यांचं ‘द ब्रेकर्स’, नॉर्थ कॅरोलायनात ॲशव्हिलजवळ २५० खोल्यांचं बिल्टमोर, फिफ्थ अव्हेन्यूवर ओळीने हवेल्या. शेअर लाभांश देतो, घर पगार, कोळसा आणि दुरुस्ती मागतं. पुढे आयकर आला, वारसा कर आला, वाटण्यांवर वाटण्या झाल्या. फिफ्थ अव्हेन्यूवरची सगळ्यात मोठी हवेली १९२० च्या दशकातच पाडली गेली, तिथे आता बर्गडॉर्फ गुडमन हे दुकान आहे. त्या पिढीतल्या जॉर्ज व्हँडरबिल्टने मात्र बिल्टमोरभोवतीचं उजाड रान शास्त्रीय पद्धतीने जोपासलं, १८९८ मध्ये तिथे वनशास्त्राची शाळा निघाली, आणि त्याच्या पत्नीने पुढे ८०,००० एकरांहून जास्त जंगल सरकारला विकलं. ते आज पिस्गा राष्ट्रीय वनाचा भाग आहे. कमोडोरने स्वतः मोठं दान एकच केलं: १८७३ मध्ये नॅशव्हिलच्या विद्यापीठाला १० लाख डॉलर. यादवी युद्धाने होरपळलेल्या दक्षिणेत ते विद्यापीठ उभं राहिलं आणि आज त्याचं नाव घेतात ते तिथल्या वैद्यकीय संशोधनामुळे.

१९५४ मध्ये रॉबर्ट यंग नावाच्या गुंतवणूकदाराने भागधारकांची मतं गोळा करून न्यूयॉर्क सेंट्रल ताब्यात घेतली. हरलेल्या संचालकांत कमोडोरचा पणतू हॅरोल्ड होता. ब्रिज खेळणारे त्याला वेगळ्या कारणाने ओळखतात, कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत त्याने बसवली. कंपनीला तोवर मोटारी, विमानं आणि रुळांना समांतर गेलेले महामार्ग यांनी पोखरलं होतं. १९६८ मध्ये ती पेनसिल्व्हेनिया रेल्वेत विलीन झाली आणि १९७० मध्ये ही पेन सेंट्रल बुडाली, तोवरचं अमेरिकेतलं सगळ्यात मोठं दिवाळं.

शेअर कागद झाले. फोर्थ अव्हेन्यूवरची ती जागा मात्र कुठे जाणार नव्हती. कमोडोरने १८७१ मध्ये तिथे ग्रँड सेंट्रल डेपो बांधला होता. १९०२ च्या बोगद्यातल्या अपघातानंतर वाफेची इंजिनं बंद करायची ठरली, विजेच्या गाड्या आल्या, धूर गेला, तेव्हा विल्यम विल्गस या अभियंत्याने सुचवलं की रूळ जमिनीखाली घ्या आणि वरची मोकळी जागा इमारतींना भाड्याने द्या. फोर्थ अव्हेन्यूच्या या पट्ट्याला पुढे पार्क अव्हेन्यू म्हणू लागले, त्याचा तो भाग असा उभा राहिला. १९१३ मध्ये उघडलेल्या आताच्या टर्मिनलवर पेन सेंट्रलला ५५ मजली मनोरा चढवायचा होता. शहराने वारसा इमारत म्हणून नकार दिला, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी शहराची बाजू घेतली. न्यायालयाने एक गोष्ट लक्षात घेतली होती: इथे बांधता येत नसलं तरी तो हक्क कंपनीला जवळच्या दुसऱ्या भूखंडांवर वापरता येत होता. हाच विकास हक्क हस्तांतराचा, टीडीआरचा विचार १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतून मुंबईत आला. तो काय करतो हे इथल्या वाचकाला सांगायला नको.

हार्लेम रेल्वे १८७३ मध्ये न्यूयॉर्क सेंट्रलला तब्बल ४०१ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली होती, म्हणजे २२७४ पर्यंत. दिवाळ्यानंतरही जमिनीची ती मालकी एका खासगी कंपनीकडून दुसरीकडे फिरत राहिली, आणि लोकलगाड्या चालवणारी सार्वजनिक संस्था भाडं भरत राहिली. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या महानगर वाहतूक प्राधिकरणाने साडेतीन कोटी डॉलर मोजून ग्रँड सेंट्रल आणि सोबत हार्लेम, हडसन या दोन्ही मार्गांची मालकी विकत घेतली.